जीव बांधून ठेवणारा अभियंता

जुन्या मोटारींच्या शौकिनांचा एक अलिखित दंडक असतो. गाडीतले जे जसे होते, ते तसेच राहिले पाहिजे. मूळ रंग, मूळ दिवे, मूळ चाके, इतकेच काय, मूळ शिलाईची आसने. एखादा स्क्रू नव्या जातीचा बसवला तरी जाणकाराच्या कपाळाला आठी पडते. पण या कडक सोवळ्यातही एक बदल निमूटपणे चालवून घेतला जातो. गाडीतला हाताने सैल-घट्ट करावा लागणारा जुना सीटबेल्ट काढायचा आणि त्याजागी आपोआप गुंडाळला जाणारा, फिरकीवरचा नवा पट्टा बसवायचा. युरोप-अमेरिकेत १९६० च्या दशकातील व्होल्वो अ‍ॅमेझॉन बाळगणारे अनेक जण हे काम करून घेतात. या कामात पत्र्याला नवी भोके सहसा पाडावी लागत नाहीत. पट्टा जखडण्याच्या जागा गाडीत मूळच्याच असतात. दारामागच्या खांबावर एक, आसनाच्या बाहेरच्या अंगाला खाली एक आणि आतल्या अंगाला, कमरेशेजारी एक. पट्टा बदलला, कापड बदलले, पण हे तीन बिंदू बदलले नाहीत. आजच्या कोऱ्या गाडीतही ते जवळपास तिथेच आहेत. ते तिथे का असावेत, हे ज्याने ठरवले त्या स्वीडिश अभियंत्याचे नाव निल्स बोहलिन.

बोहलिन यांचा जन्म १७ जुलै १९२० रोजी स्वीडनच्या पूर्व किनाऱ्यावरील हर्नोसांद या बंदरगावी झाला. गावातल्याच शाळेत त्यांनी यांत्रिकी अभियांत्रिकीची पदविका घेतली. वर्ष होते १९३९. त्याच वर्षी दुसरे महायुद्ध पेटले. स्वीडन युद्धात उतरला नाही, पण तटस्थ राहायचे तर आपले आकाश आपणच राखले पाहिजे, हे त्या देशाने ओळखले होते. साब या कंपनीत लढाऊ विमाने घडवण्याचे काम जोरात सुरू झाले आणि १९४२ मध्ये तरुण बोहलिन तिथे विमान-रचनाकार म्हणून दाखल झाले.

साबपुढे तेव्हा एक विचित्र अडचण होती. कंपनीच्या साब २१ या विमानाचा पंखा नाकाशी नव्हता, तो वैमानिकाच्या पाठीमागे फिरत असे. संकटकाळी वैमानिकाने छत्री घेऊन बाहेर उडी मारली तर तो थेट त्या पंख्याच्या पात्यांत सापडण्याची भीती. यावर उपाय म्हणून आसनासकट वैमानिकाला स्फोटाच्या जोराने वर फेकणारी यंत्रणा पुढे आली. पुढे जेट विमानांचे वेग वाढले, तसे हे आसन अपरिहार्यच झाले. बोहलिन यांनी साबमधील वर्षांत या उडत्या आसनांवर काम केले. माणसाचे शरीर क्षणार्धात किती धक्का सोसू शकते, तो धक्का हाडांच्या कोणत्या भागाने घ्यावा, वैमानिकाला आसनाशी कसे आणि कुठे बांधावे, हे त्यांचे रोजचे प्रश्न होते. मोटारीशी या प्रश्नांचा काडीचाही संबंध आहे असे तेव्हा कोणाला वाटले नसेल.

मोटारींच्या जगात त्या काळी सुरक्षेचा विचार फारसा नव्हताच. युद्धानंतर युरोपात गाड्या वाढल्या, रस्ते रुंद झाले आणि वेगही वाढला. गाडी मात्र आतून तशीच राहिली. समोर कडक पत्र्याचा डॅशबोर्ड, छातीवर रोखलेला स्टिअरिंगचा दांडा आणि बाजूला सहज उघडणारी दारे. अपघातात गाडी थांबे, पण आतला माणूस थांबत नसे. अमेरिकेत नॅश कंपनीने १९४९ मध्ये आणि फोर्डने १९५० च्या दशकाच्या मध्यास कमरेचा पट्टा देऊ केला होता. ग्राहकांनी त्याला फारसा प्रतिसाद दिला नाही. पट्टा लावायचा म्हणजे गाडी धोक्याची आहे हे कबूल करायचे, अशी एक चमत्कारिक भावना खरेदीदारांत होती आणि विक्रेत्यांतही.

शिवाय ते पट्टे निर्दोष नव्हते. नुसता कमरेचा पट्टा माणसाला आसनावर ठेवी खरा, पण धड कमरेतून दुमडून पुढे झेपावे आणि डोके स्टिअरिंगवर आदळे. पट्टा पोटावर सरकला असेल तर आतड्यांना, यकृताला इजा होई. दुसरा प्रकार खांद्यावरून तिरपा जाणाऱ्या एकेरी पट्ट्याचा. त्याने छाती धरली जाई, पण कंबर मोकळी राही आणि माणूस खालून निसटण्याचा धोका असे. स्वीडनमध्ये वॅटनफॉल या सरकारी वीज कंपनीने आपल्या कर्मचाऱ्यांच्या रस्ते अपघातांचा अभ्यास १९५० च्या दशकात हाती घेतला होता. त्यातून तेथील अभियंत्यांनी पट्ट्यांवर बरेच काम केले. व्होल्वोनेही १९५७ पासून आपल्या गाड्यांत तिरपा पट्टा जखडण्याची सोय ठेवली होती. अमेरिकेत रॉजर ग्रिसवोल्ड आणि ह्यू डीहेवन या दोघांनी तर तीन ठिकाणी जखडलेल्या पट्ट्याचे पेटंटही १९५५ मध्ये मिळवले होते. तेव्हा तीन बिंदूंची कल्पना बोहलिन यांच्याआधी कोणाला सुचलीच नव्हती, असे म्हणणे इतिहासाला धरून होणार नाही. पण त्या अमेरिकी रचनेत बक्कल शरीराच्या पुढच्या भागावर येई. म्हणजे धक्क्याच्या क्षणी धातूचा तुकडा नेमका शरीराच्या मऊ भागावर दाबला जाणार. बोहलिन यांचे श्रेय कुठून सुरू होते, हे यावरून कळते.

व्होल्वोची सूत्रे १९५६ मध्ये गुन्नार एंगेलाऊ यांच्याकडे आली होती. त्यांच्या एका नातेवाइकाचा मोटार अपघातात मृत्यू झाला होता आणि हे दुःख त्यांच्या मनात घर करून होते. गाडीतल्या माणसाला वाचवण्याचे काम पूर्णवेळ करणारा कोणीतरी हवा, असे त्यांनी ठरवले. १९५८ मध्ये त्यांनी साबमधून बोहलिन यांना आणले. व्होल्वोचे ते पहिले सुरक्षा अभियंता. माणसांना विमानातून बाहेर फेकण्याच्या शास्त्रात मुरलेल्या गृहस्थाला आता माणसांना गाडीत धरून ठेवायचे होते.

धक्क्याचे गणित दोन्हीकडे सारखेच होते. ताशी ५० किलोमीटर वेगाची गाडी भिंतीवर आदळली आणि चेपत चेपत अर्ध्या मीटरमध्ये थांबली असे धरले, तर आतल्या माणसावर त्याच्या वजनाच्या सुमारे २० पट जोर येतो. ७० किलोचा माणूस त्या क्षणी जवळजवळ १,४०० किलोच्या ताकदीने पुढे खेचला जातो. हाताने डॅशबोर्ड धरून हा जोर पेलता येत नाही. पैलवानालाही नाही. तो सोसू शकतील असे शरीराचे भाग मोजकेच आहेत. खाली ओटीपोटाच्या दोन्ही बाजूंची कटीची हाडे आणि वर छातीचा पिंजरा व खांद्याचे हाड. पट्टा याच ठिकाणी टेकला पाहिजे आणि धक्का बसतानाही तिथून हलता कामा नये.

विमानात यासाठी खांदे, कंबर, मांड्या अशा सर्व बाजूंनी पट्टे आवळता येत. मोटारीत ते शक्य नव्हते. बोहलिन यांच्या विचाराचे वेगळेपण इथे दिसते. वैमानिक जीव वाचण्यासाठी वाटेल ते अंगावर चढवायला तयार असतो, उलट मोटार चालवणारा सामान्य माणूस मिनिटभराची गैरसोयही सहन करत नाही, ही गोष्ट त्यांनी पहिल्याच दिवसापासून गृहीत धरली. लोकांना दोष देण्यात त्यांनी वेळ घालवला नाही. पट्टा एका हाताने, न पाहता, एका हालचालीत लावता आला पाहिजे, अशी अट त्यांनी स्वतःलाच घातली. नाहीतर तो लावला जाणार नाही, आणि न लावलेल्या उत्तम पट्ट्यापेक्षा लावलेला साधा पट्टा केव्हाही बरा.

सुमारे वर्षभरात उत्तर तयार झाले. एकच सलग पट्टा. तो खांद्यावरून छातीवर तिरपा उतरतो, कमरेशेजारच्या बक्कलाशी वळतो आणि मांड्यांच्या मुळाशी आडवा जाऊन दुसऱ्या बाजूला संपतो. बक्कल पोटावर न येता आसनाच्या बाजूला, खाली. समोरून पाहिले तर पट्ट्याचे दोन भाग आडव्या पाडलेल्या इंग्रजी व्ही अक्षरासारखे दिसतात आणि त्याचे टोक जमिनीकडे, बक्कलाकडे रोखलेले असते. त्यामुळे ताण आला की पट्टा वर सरकत नाही, जागच्या जागी घट्ट होतो. सगळी करामत इतकीच. चित्र काढून दाखवले तर यात शोध तो काय, असे शाळकरी पोरही विचारील. पण सोपी गोष्ट शोधून काढणे सोपे नसते, हे अभियंत्यांइतके कोणाला ठाऊक नसेल.

१३ ऑगस्ट १९५९ रोजी असा पट्टा मुळातच बसवलेली पहिली गाडी दक्षिण स्वीडनमधील क्रिस्तियानस्ताद गावच्या विक्रेत्याकडे पोहोचली. ती व्होल्वो पीव्ही ५४४ होती. त्या वर्षापासून उत्तर युरोपातील बाजारपेठांत पीव्ही ५४४ आणि अ‍ॅमेझॉन या दोन्ही गाड्यांना पुढच्या आसनांवर हा पट्टा मिळू लागला. अमेरिकेचे पेटंट १० जुलै १९६२ रोजी मंजूर झाले. व्यापारी हिशेबाने पाहिले तर ही सोन्याची खाण होती. तरीही व्होल्वोने हे पेटंट खुले ठेवले आणि कोणत्याही मोटार कंपनीला ही रचना वापरण्याची मुभा दिली. नफ्यावर चालणाऱ्या कंपन्यांच्या इतिहासात अशी उदाहरणे बोटांवर मोजण्याइतकीच सापडतील.

लोकांनी मात्र पट्ट्याचे स्वागत हात आखडूनच केले. गाडी पेटली तर अडकून पडू, पाण्यात गेली तर सुटता येणार नाही, त्यापेक्षा बाहेर फेकले गेलेले बरे, असे आक्षेप जगभर घेतले गेले. आपल्याकडच्या नाक्यांवर आजही ते ऐकू येतात. बोहलिन यांनी वादविवादापेक्षा आकड्यांचा मार्ग धरला. स्वीडनमध्ये व्होल्वो गाड्यांच्या २८ हजारांहून अधिक अपघातांची माहिती गोळा करण्यात आली आणि १९६७ मध्ये तिचे निष्कर्ष मांडले गेले. पट्टा न लावलेली माणसे वेगाच्या सगळ्याच टप्प्यांत दगावली होती. पट्टा लावलेल्यांपैकी ताशी ६० मैलांच्या, म्हणजे सुमारे ९६ किलोमीटरच्या आतील वेगाच्या अपघातात एकही जण मृत्युमुखी पडला नव्हता. जगातील वाहतूक कायद्यांचा पाया घालण्यात या अहवालाचा मोठा वाटा आहे.

एवढे होऊनही मूळ पट्ट्यात एक उणीव राहिलीच होती, आणि ती नेमकी सोयीची होती. १९५९ चा पट्टा स्थिर होता. त्याची लांबी बसणाऱ्याच्या मापाने हाताने ठरवावी लागे. नवऱ्याने गाडी चालवून बायकोच्या हाती दिली की पट्टा पुन्हा जुळवा. हिवाळ्यात जाड कोट आला की सैल करा, कोट गेला की आवळा. तो घट्ट असला तर पुढे वाकून रेडिओची कळ फिरवता येत नसे. म्हणून लोक तो सैल ठेवत, आणि सैल पट्टा निम्माच उपयोगाचा. काढून ठेवल्यावर तो मागे बसणाऱ्यांच्या पायात लोळे किंवा दारात चेमटे. एका हाताने लावता येणाऱ्या पट्ट्याची ही अवस्था पाहता बोहलिन यांनी स्वतःला घातलेली अट अर्धीच पुरी झाली होती, असे म्हटले पाहिजे.

उरलेला अर्धा भाग फिरकीने पुरा केला. आपोआप मागे ओढला जाणाऱ्या पट्ट्याची शिफारस कॅलिफोर्नियातील पॅसाडेनाचे मेंदूचे शल्यविशारद हंटर शेल्डन यांनी १९५५ मध्येच अमेरिकी वैद्यक परिषदेच्या नियतकालिकात केली होती. फुटलेली डोकी शिवून थकलेल्या डॉक्टरने प्रतिबंध हाच उपचार, असे म्हणावे यात नवल नाही. व्होल्वोच्या गाड्यांत अशी फिरकी १९६० च्या दशकाच्या अखेरीस आली.

या फिरकीची रचना गमतीची आहे. आत एक स्प्रिंग असते. ती पट्टा सतत हलकेच मागे ओढते, त्यामुळे तो अंगाला लागून राहतो, तरीही माणसाला पुढे-मागे हलता येते. अपघातात मात्र ती अडली पाहिजे. त्यासाठी दोन प्रकारच्या युक्त्या वापरतात. एकीत पोलादी गोळी किंवा छोटा लंबक असतो. गाडीचा वेग एकाएकी घटला किंवा गाडी कलंडली की तो जागचा हलतो, एक खटका उचलतो आणि फिरकीच्या दात्यांत अडकवतो. दुसरीत पट्टाच झटक्याने ओढला गेला की फिरकी अडते. नव्या फिरक्यांत सहसा दोन्ही असतात. पट्टा जोरात ओढला की तो हातातच अडकतो आणि वैतागलेला माणूस त्याला बिघाड समजतो. खरे तर ते यंत्रणा ठीक असल्याचे लक्षण आहे.

जुन्या गाडीत फिरकी बसवताना चुका होतात त्या इथेच. गोळीची किंवा लंबकाची फिरकी ठरावीक कोनातच बसवावी लागते. मेकॅनिकने जागा नाही म्हणून ती तिरकी बसवली, तर एक तर पट्टा कायमचा अडकून राहतो किंवा हवा तेव्हा अडकतच नाही. दुसरा प्रश्न पत्र्याचा. व्होल्वोत जखडण्याच्या जागा कारखान्यातच मजबूत केलेल्या होत्या. ज्या गाड्यांत त्या नाहीत, तिथे नुसत्या पत्र्याला भोक पाडून बोल्ट आवळला तर १,४०० किलोच्या झटक्याने तो पत्र्यासकट उपटून येईल. मागून जाड पोलादी पट्टी देऊन जोर पसरवावा लागतो. गंजलेल्या तळपत्र्यावर तर हे काम करूच नये. तिसरी गोष्ट वरच्या बिंदूच्या उंचीची. तो खांद्याच्या बराच खाली आला तर पट्टा धक्क्याच्या वेळी खांद्याला खाली दाबतो आणि सारा भार मणक्यावर येतो. खांब नसलेल्या उघड्या टपाच्या गाड्यांत ही अडचण हमखास येते. थोडक्यात, फिरकी बाजारात विकत मिळते, पण बोहलिन यांची भूमिती गाडीत असावी लागते, नाहीतर विचारपूर्वक निर्माण करावी लागते. ती न पाहता बसवलेला पट्टा ही निव्वळ शोभेची फीत आहे. शोभेपेक्षाही वाईट, कारण ती खोटा भरवसा देते.

आपल्याकडे हा विषय अगदीच परका नाही. भारतात नव्या मोटारींच्या पुढच्या आसनांना पट्टे १९९४ पासून सक्तीचे झाले. त्याआधीच्या अ‍ॅम्बेसेडर आणि प्रीमियर पद्मिनी बहुतांशी पट्ट्यांविनाच धावल्या. ऑक्टोबर २०२३ मध्ये पद्मिनीची अखेरची काळी-पिवळी टॅक्सी मुंबईच्या रस्त्यावरून निवृत्त झाली, तेव्हा शहर हळहळले. त्या गाडीच्या गोल-चौकोनी घाटाची आठवण सर्वांनी काढली, तिच्या मागच्या सलग बाकावर धरायला काहीच नसे याची फारशी कोणी काढली नाही. आता जतन केलेल्या पद्मिनी हौशी मंडळींच्या गॅरेजात उभ्या आहेत आणि रविवारी द्रुतगती मार्गावरही येतात. त्यांच्या मालकांसाठी वरचा परिच्छेद निव्वळ इतिहास नाही.

कायद्याची वाट मात्र सर्वत्र खडतर होती. पट्टा लावण्याची सक्ती सर्वप्रथम ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया राज्याने १९७० मध्ये केली. खुद्द स्वीडनला त्यासाठी १९७५ उजाडावे लागले, ब्रिटनला १९८३. अमेरिकेत तर १९७४ च्या गाड्यांत पट्टा लावल्याखेरीज इंजिन सुरूच होणार नाही अशी व्यवस्था केली गेली. लोक इतके खवळले की त्याच वर्षी संसदेने ती सक्ती रद्द केली. तेथील पहिला राज्य कायदा न्यूयॉर्कने १९८४ मध्ये आणला. आपल्याकडे मागच्या आसनावरील पट्ट्याची चर्चा घरोघरी पोहोचली ती ४ सप्टेंबर २०२२ रोजी. त्या दिवशी पालघर जिल्ह्यात मुंबई-अहमदाबाद महामार्गावरील अपघातात उद्योगपती सायरस मिस्त्री आणि त्यांच्या शेजारी बसलेले सहप्रवासी मृत्युमुखी पडले. मागे बसलेल्या दोघांनीही पट्टे लावले नव्हते, असे पोलिसांनी सांगितले. पुढच्या आसनांवरील दोघे जखमी झाले, पण वाचले. त्यानंतर मुंबई पोलिसांनी १ नोव्हेंबर २०२२ पासून सर्व प्रवाशांना पट्टा सक्तीचा केला. सक्ती किती पाळली जाते, हे कोणत्याही सिग्नलवर मागच्या काचेतून डोकावले तरी दिसते.

बोहलिन १९६९ मध्ये व्होल्वोच्या मध्यवर्ती संशोधन व विकास विभागाचे प्रमुख झाले आणि १९८५ मध्ये निवृत्त झाले. बाजूने बसणाऱ्या धडकेपासून संरक्षण हा त्यांच्या नंतरच्या काळातील आस्थेचा विषय होता. निवृत्तीच्याच वर्षी जर्मनीच्या पेटंट अधिकाऱ्यांनी मागील १०० वर्षांत मानवजातीला सर्वाधिक उपकारक ठरलेली जी आठ पेटंटे निवडली, त्यांत त्यांच्या पट्ट्याचा समावेश होता. १९९५ मध्ये स्वीडिश अभियांत्रिकी विज्ञान अकादमीचे सुवर्णपदक आणि १९९९ मध्ये मोटार उद्योगाच्या मानकऱ्यांच्या यादीत स्थान, असे सन्मान होत गेले. तरीही मोटार जगतात फोर्ड, फेरारी, पोर्शे ही नावे जशी सर्वतोमुखी झाली, तसे बोहलिन हे नाव झाले नाही. वेग देणाऱ्यांची नावे गाडीच्या नाकावर मिरवतात. आवरणाऱ्याचे नाव कुठे लिहायचे?

२००२ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधक सन्मान दालनासाठी त्यांची निवड झाली. प्रवेशाचा सोहळा २१ सप्टेंबर रोजी ओहायो राज्यातील अ‍ॅक्रन शहरी व्हायचा होता. त्याच दिवशी स्वीडनमध्ये वयाच्या ८२ व्या वर्षी बोहलिन यांचे निधन झाले. अ‍ॅक्रनमध्ये तो सन्मान त्यांच्या वतीने कुटुंबीयांनी स्वीकारला.